दोन वाजताचा फेरफटका

नोरीन फेदरस्टनला आपल्या सासूच्या एका गोष्टीचं सव्वीस वर्षं भारी कौतुक होतं. सासू तिला रोज दुपारी फिरायला पाठवायची.

ऑक्टोबरात मेंढ्या डोंगरावरून खालच्या कुरणात आल्या की फेदरस्टनांच्या पुढच्या खोलीत गोधडीची चौकट उभी राहायची. चौकट आली की खोली संपली. मग कपाटापाशी जायचं तर पोट आत घेऊन, कडेकडेने. दोन लांब दांड्यांवर ताणलेलं कापड, खाली अस्तर, मधे लोकरीचा थर. एका अंगाला सासू थर्झा आणि नणंद एस्मे, दुसऱ्या अंगाला एकटी नोरीन. एस्मे खालच्या गावात नांदायची, पण हिवाळाभर रोज सकाळी सायकल हाणत माहेरी हजर. घरातलं उरकून तिघी सुया घेऊन बसायच्या, जेवून पुन्हा बसायच्या, आणि घड्याळात दोनचे ठोके पडले की थर्झा चष्म्यावरून बघत म्हणायची, "जा ग नोरीन, मॉसला घेऊन जरा पाय मोकळे करून ये. मान अवघडली असेल तुझी."

मॉस म्हणजे मेंढ्यांमागचा कुत्रा. या नावाचा घरातला चौथा. तो दोनच्या आधीच दाराशी जाऊन बसलेला असायचा.

नोरीन समुद्रकाठच्या सन्डरलंड शहरातली, जहाजाच्या गोदीत काम करणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन या खोऱ्यात आली तेव्हा तिला गोधडी म्हणजे दुकानात मिळते एवढंच ठाऊक होतं. सासू बोलायला खडूस, हसायची ती फक्त चॅपलमध्ये आणि तेही ओळखीच्या माणसाचा सूर चुकला तर. पण रोज दुपारी न चुकता आपल्या मानेची काळजी करते, हे नोरीनला पुरे होतं. ती कोट चढवून निघायची, दगडी गडग्याच्या कडेने वरच्या मेंढवाड्यापर्यंत जायची, मेंढ्या मोजायची, ओढ्यावरून परत. तासभर. आणि आणखी एक गंमत. सकाळी शिवताना आपले टाके तिला कसेनुसेच वाटायचे, पण फिरून येऊन बघावं तर छान! बारीक, सारखे, रेषेवर. "शिळ्या नजरेला सगळं वाईट दिसतं बघ," ती नवऱ्याला, राल्फला, सांगायची. "फिरून येऊन ताज्या डोळ्यांनी बघितलं की कळतं, हात बसलाय माझा." राल्फ बिचारा चहा ढवळत मान हलवायचा.

या वर्षीची गोधडी लॉर्नाची होती. लॉर्ना नोरीनची एकुलती एक पोर, डरम शहरात नर्स, मे महिन्यात तिचं लग्न. फेदरस्टनांच्या घरातून कुठलीच मुलगी गोधडीशिवाय गेलेली नव्हती. गुलाबी आणि पांढऱ्या पट्ट्या, एका पट्टीत दोराचा पीळ, एकीत गुलाब, एकीत पानं. पुठ्ठ्याचे साचे थर्झाच्या आजीच्या वेळचे. थर्झाने ते कापडावर ठेवून निळ्या पेन्सिलीने नक्षी उतरवली होती. नोरीन या गोधडीवर इतका जीव लावून बसली होती की टाका घालताना जीभ बाहेर यायची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी ती अशीच दोनला निघाली, दुसऱ्या फाटकापर्यंत गेली आणि एकदम थबकली. वाटाण्याचं पुडिंग! हाडाच्या रश्शात वाटाणे शिजत ठेवलेले, आणि खालची आच मोठीच राहिलेली. "मेले!" म्हणून ती तशीच मागे पळाली. मागच्या दाराशी चिखलाचे बूट काढले, मोज्यांवरच स्वयंपाकघरात शिरली, आच बंद केली. बुडाला लागलंच होतं. करपलं, असं सांगावं म्हणून तिने पुढच्या खोलीचं दार ढकललं.

थर्झा नोरीनच्या खुर्चीवर बसली होती. हातात ती छोटी, पक्ष्याच्या चोचीची कात्री. नोरीनने सकाळी घातलेला दोराचा पीळ ती एकेक टाका टोकाने उचलून उसवत होती. शेजारी एस्मे, सुईत दोरा ओवून तयार, उसवलेल्या जागी पुन्हा टाके घालतेय. दोघींची गती अशी की हे काम आज पहिल्यांदा करत नाहीत हे आंधळ्यालाही कळावं.

नोरीनने दाराची कडी तशीच धरून ठेवली. मॉस तिच्या मागून आत घुसला, तेव्हा एस्मेने वर पाहिलं आणि तिची सुई खाली पडली.

"किती दिवस चाललंय हे?" नोरीनने विचारलं.

थर्झाने कात्री खाली ठेवली नाही. "कुठलं?"

"माझे टाके उसवायचं."

"पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"पहिल्यापासून म्हणजे पहिल्यापासून. तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून. त्यात एवढं डोळे फाडून बघण्यासारखं काय आहे?"

एस्मे घाईघाईने मधे पडली. "अगं नोरीन, रीतच आहे इथली. चॅपलच्या गोधड्यांनाही असंच करतात. नव्या बाईचे टाके मोठे पडले तर ती घरी गेल्यावर हळूच उसवायचे. तोंडावर बोलून कशाला कुणाचं मन दुखवायचं?"

"सव्वीस वर्षं मी नवी?"

"इंचाला पाच टाके तुझे," थर्झा म्हणाली. "या घरात नऊच्या खाली कुणी गेलं नाही. झोपल्यावर पायाचं नख अडकेल असे टाके घालतेस तू. माझ्या आजीच्या गोधड्या अजून अंगावर घेतो आपण. ही काय चार दिवसांची वस्तू आहे? पण बोलले का मी तुला कधी? एका शब्दाने?"

नोरीनला काय काय आठवत होतं. एस्मेच्या मुलीची गोधडी. पाद्रीबाईंना दिलेली. आणि मग लॉर्नाची पाळण्यातली. लॉर्ना पोटात असताना तिने पाळण्यासाठी छोटी गोधडी शिवली होती. पाय सुजलेले, पाठ मोडून आलेली, तरी तिने कडेचं एक अख्खं पान स्वतः पुरं केलं होतं. ते पान तिने लॉर्नाला कितीदा दाखवलं असेल! हे बघ, हे मी, तू पोटात असताना.

"लॉर्नाच्या पाळण्यातली?" तिने विचारलं. "ते पान?"

एस्मेने खाली बघितलं. थर्झाने दोऱ्याचा तुकडा झटकला. "ते पण," ती म्हणाली.

या घरातल्या पेटीत अकरा गोधड्या होत्या. नोरीनचा एक टाका, एकही टाका, कशातच नव्हता. ती सव्वीस वर्षं या घरात राबली, तिने रांधलं, मेंढ्या राखल्या, सासऱ्याचं आजारपण काढलं, आणि तिच्या हाताची खूण तेवढी रोज दुपारी दोन ते तीन पुसली जात होती. तीसुद्धा तिला फिरायला धाडून. नोरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नीट ऐका आई," ती म्हणाली. "ही गोधडी माझ्या मुलीची आहे. हिच्यात माझे टाके राहणार. वाकडे तर वाकडे, मोठे तर मोठे. माझी पोर माझ्या हाताखाली झोपेल."

"माझ्या चौकटीवर नाही राहायचे," थर्झा म्हणाली आणि पुढचा टाका उचलला.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला पॅनाकल्टी होती, बटाटे, कांदा आणि डब्यातलं मांस थरावर थर लावून भाजलेली. नोरीनने ताटल्या अशा आपटल्या की मॉस टेबलाखालून उठून गेला. राल्फने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोकडे.

"काय झालंय?"

"काही नाही. अजून वाढू?" नोरीन म्हणाली.

"काही नाही," थर्झा म्हणाली. "मीठ कमी आहे."

राल्फ शहाणा माणूस. त्याने मुकाट्याने मीठ घेतलं.

दुसऱ्या दिवशी दोनचे ठोके पडले. थर्झाने सवयीने मान वर केली, पण काही म्हणायच्या आत नोरीन उठून उभी राहिली होती. तिच्या एका हातात सासूचा कोट, दुसऱ्या हातात सासूचे बूट.

"चला."

"कुठे?"

"फिरायला. तुमचीही मान अवघडली असेल."

"मी? या चिखलात? एकोणऐंशी वर्षांची मी!"

"रविवारी ठेवणीतल्या कपड्यांत चॅपलची टेकडी चढलात की तुम्ही. चला, पाय घाला."

"आणि नाही आले तर?"

"तर मीही जाणार नाही. इथेच बसते, या खुर्चीत, संध्याकाळपर्यंत आणि उद्याही आणि परवाही. बघू या कोण कसं उसवतं ते."

एस्मे खुसूखुसू हसायला लागली. "तू कशाला दात काढतेस?" नोरीन तिच्यावर वळली. "आम्ही गेल्यावर तू एकटीने उसवशील, ठाऊक आहे मला. म्हणून हे बघ." तिने टोपली पुढे केली. घरातल्या झाडून सगळ्या कात्र्या तिच्यात होत्या. चोचीची, कापडाची, स्वयंपाकघरातली, राल्फची मेंढ्यांची खुरं कापायचीसुद्धा. "या माझ्याबरोबर फिरायला येताहेत."

"वेड लागलंय हिला," थर्झा म्हणाली. पण कुत्रा दाराशी उड्या मारत होता, सून बूट धरून वाकली होती, आणि तिने पाय पुढे केला.

असे ते फेरफटके सुरू झाले. पहिला आठवडाभर थर्झाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. काठी टेकत गडग्याच्या कडेने चालायची, वाऱ्याला नाक मुरडायची, मेंढवाड्याच्या दगडावर बसायची, उठायची, परत. कात्र्या टोपलीत खुळखुळायच्या. खालच्या रस्त्याने जाणारा पोस्टमन एकदा गाडी थांबवून बघतच राहिला. "काय फेदरस्टनबाई, मेंढ्या कातरायला निघालात?" थर्झा म्हणाली, "सुनेला विचार." बस, तेवढंच.

आणि घरी नोरीन शिवत होती. फिरून येऊन बघायची तर टाके तिचेच, सकाळी घातले तसेच, भले मोठे, एक पुढे एक मागे. आता ताज्या डोळ्यांनीही वाईटच दिसायचे. हे तिला सगळ्यात झोंबलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती. नख अडकलं असतंच.

नोरीन हट्टी खरी, पण मूर्ख नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मेंढवाड्याच्या दगडावर तिने सासूला कागदात बांधलेली स्टॉटी दिली. घरचा जाड, पोळीसारखा गोल पाव, आत हॅम आणि त्या दिवशी करपलं होतं तसलंच वाटाण्याचं पुडिंग. थर्झाने अर्धी खाल्ली. मग नोरीनने विचारलं, "माझं चुकतंय कुठे?"

थर्झा चावत राहिली. मग ओठांवरचे कण पुसले.

"तू वरून बघतेस," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"टाका डोळ्यांनी नाही घालायचा. डावा हात खाली ठेवायचा, चौकटीखाली. सुईचं टोक खालच्या बोटाला टोचलं की तिथूनच तिला वर ढकलायची. बोटाला टोचली नाही तर अस्तरातून गेलीच नाही. आणि टोचून रुतली तर टाका मोठा झाला. जेमतेम टोचली पाहिजे. बोट सांगतं सगळं."

"माझा डावा हात मांडीवर असतो."

"दिसतंय की. सव्वीस वर्षं दिसतंय."

"मग सांगितलं का नाहीत?" नोरीन ओरडलीच. खालच्या चार मेंढ्यांनी माना वर केल्या. "एवढी एक गोष्ट! मांडीवरचा हात खाली घे, एवढंच! सव्वीस वर्षं रोज उसवत बसलात, पण एवढं सांगवलं नाही?"

"मन दुखलं असतं तुझं."

"आणि आता काय झालंय? नाचतेय का मी?"

थर्झाने उरलेल्या स्टॉटीकडे बघितलं. "माझ्या सासूनेही माझे उसवले होते," ती म्हणाली. "दोन वर्षं. मला नंतर कळलं. मी काही बोलले नाही. गप शिकले, तिच्या हाताकडे बघून बघून. मला वाटलं तूही शिकशील."

"तुमचा हात चौकटीखाली असतो आई. बघणार कुठून?"

थर्झाने स्टॉटीचा तुकडा मॉसला टाकला.

त्या दिवसापासून नोरीनचा डावा हात खाली गेला. पहिले चार दिवस बोटाची चाळण झाली. भांडी घासताना साबण लागला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग बोटावर कातडं जाड झालं. ती पहाटे राल्फच्या आधी उठायची, चूल पेटवायची, पावाचं पीठ भिजवायची, आणि पीठ फुगेपर्यंत चौकटीशी. इंचाला पाचाचे सहा झाले. मार्च लागता लागता सात. मग एका सकाळी तिने मोजपट्टी लावली आणि तिचं तिलाच खरं वाटेना. नऊ. तिने तीनदा मोजले. त्या दिवशी घरात सगळ्यांना कांद्याच्या पातीसारख्या लीकचं पुडिंग आणि जेवणानंतर सायीचं कस्टर्ड मिळालं, का ते कुणालाच कळलं नाही. आधीचे वाईट टाके तिने स्वतः उसवले, स्वतः पुन्हा घातले. कात्र्यांची टोपली आता घरीच राहायची. फेरफटका मात्र दोघींचा चालूच होता. दोन वाजले की थर्झा स्वतःच कोट शोधायची. वाटेत आता बोलायचीही. कुठल्या गडग्यातला कुठला दगड कुणी बसवला, कोणत्या घरातल्या बाईने गुलाबाच्या पाकळ्या चार काढल्या आणि जन्मभर त्यावर ऐकून घेतलं.

पण चालताना नोरीनच्या काही गोष्टी लक्षात यायला लागल्या होत्या. सासू फाटकाच्या खिट्टीवर हात फिरवून ती शोधायची. एकदा म्हणाली, "अगं ते कोकरू बघ, एकटंच पडलंय गारठ्यात." नोरीनने बघितलं तर ते खाद्याचं रिकामं पोतं.

"पोतं आहे ते आई."

"ठाऊक आहे मला," थर्झा फटकन म्हणाली. "धुकं किती पडलंय."

धुकं कुठे पडलं होतं! लख्ख ऊन होतं.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी नोरीन स्वयंपाकघरात बशा पुसत होती. पावणेदोन झाले असतील. एस्मे आत आली, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "आईचे टाके बघितलेस का हल्ली?"

"का?"

"ये आणि बघ. ती वर गेलीय कोट आणायला."

शेवटची पट्टी चालू होती, गुलाबांची. थर्झाच्या बाजूचे दोन गुलाब पुरे झाले होते. नोरीन खाली वाकली. पहिला गुलाब ठीक. दुसऱ्याच्या पाकळ्या निळी रेषा सोडून भलतीकडे गेल्या होत्या. टाके बारीक होते, हात अजून तोच होता, पण रेषा तिला दिसत नव्हती. एक पाकळी तर शेजारच्या पानात घुसली होती.

"लग्नाची गोधडी आहे," एस्मे कुजबुजली. तिचे डोळे भरून आले होते. "लोक बघतील ग. तिचं नाव जाईल. तू तिला नेहमीसारखी घेऊन जा. मी तासाभरात उसवते, घालते, तिला कळणारही नाही. तिला दिसत कुठे आहे? रीतच आहे ना आपली." आणि तिने एप्रनच्या खिशातून चोचीची कात्री काढून दाखवली.

खोटं कशाला सांगा, नोरीनला त्या क्षणी गोड वाटलं. सव्वीस वर्षांची फेड, तीही तिने न मागता, ताटात वाढून आलेली. जा ग थर्झाबाई, पाय मोकळे करून ये. वरून जिन्यावर काठीचा आवाज येत होता. थर्झा दमाने उतरत होती, एकेक पायरी चाचपत, आणि खाली आल्यावर कोटाची गुंडी चुकीच्या काजात घालून म्हणाली, "चल ग. मॉस खोळंबलाय."

नोरीनने पुढे होऊन तिची गुंडी नीट केली आणि दोघी निघाल्या.

पहिलं फाटक गेलं. ओढ्याचं पाणी चढलेलं होतं, दोघींनी ते जपून ओलांडलं. थर्झा लॉर्नाच्या लग्नातल्या केकबद्दल बोलत होती, बेदाणे आतापासूनच भिजत घालायला हवेत म्हणून. नोरीनचं लक्ष नव्हतं. दुसरं फाटक आलं. हेच ते फाटक जिथून ती त्या दिवशी मागे फिरली होती. ती थांबली.

"आई," ती म्हणाली, "तुमचे टाके रेषा सोडायला लागलेत."

थर्झाही थांबली. वारा सुटला होता, तिचा रुमाल फडफडत होता. तिने काठी चिखलात घट्ट रोवली.

"किती?"

"दुसरा गुलाब. पाकळी पानात गेलीय."

थर्झा फाटकाला टेकली. नोरीनला वाटलं, मेले, मारलं मी हिला. घरात बसून एस्मेने गपचूप उरकलं असतं ते काय वाईट होतं?

"एस्मेला दिसलं?" थर्झाने विचारलं.

"हो."

"आत्ता उसवतेय?"

"हो."

"आणि तुला सांगितलं होतं, मला घेऊन जा म्हणून."

"हो."

थर्झाने मान वळवली. डोळ्यांतलं पाणी वाऱ्याने आल्यासारखं पुसलं. "असं वाटतं होय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली देव जाणे. मग तिने काठी उपसली. "चल मागे. भराभर चल."

एकोणऐंशी वर्षांच्या बाईने त्या दिवशी ओढा उडी मारून ओलांडला. नोरीनला तिच्यामागे धावावं लागलं. मॉसला वाटलं काहीतरी खेळ आहे, तो भुंकत दोघींभोवती गरगरायला लागला.

एस्मे राहिलेल्या बशा आवरून नुकती थर्झाच्या खुर्चीत टेकली होती. चिखलाच्या बुटांनिशी आई दारात उभी बघून तिच्या हातातली कात्री तशीच अधांतरी राहिली.

"ऊठ," थर्झा म्हणाली.

"आई, मी फक्त..."

"ऊठ तिथून. मी अजून मेलेले नाही."

एस्मे उठली. थर्झा कोटासकट आपल्या जागी बसली आणि दुसऱ्या गुलाबावरून बोट फिरवायला लागली. रेषा बोटाला लागत नव्हती, पण टाके लागत होते. पाकळी कुठे वळायला हवी होती आणि कुठे वळली, हे बोटाला कळलं. तिचा चेहरा उतरला. मग हात पुढे सरकला, चौकटीच्या पलीकडच्या अंगाला, दोराच्या पिळावर. हळूहळू, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग उलट.

"हे छान झालंय," ती म्हणाली. "कुणाचं? एस्मेचं?"

"नाही," एस्मे पुटपुटली.

"मग कुणाचं?"

"माझं," नोरीन म्हणाली.

थर्झाचं बोट तिथेच थांबलं. "अगं बाई," ती म्हणाली. मग तिने एस्मेच्या हातातली कात्री घेतली आणि चौकटीवरून नोरीनपुढे धरली.

"माझे उसव. तूच उसव, आत्ता, माझ्यासमोर. मला फिरायला पाठवू नकोस."

नोरीन सासूशेजारी बसली आणि एकेक टाका उचलायला लागली. थर्झा दोऱ्याचे तुकडे तळव्यात गोळा करत राहिली. गुलाबाची जागा मोकळी झाली, निळी रेषा उरली. थर्झा खुर्ची मागे सारायला लागली. "घे, तू घाल आता," ती म्हणाली. "माझं काम संपलं."

"कुठे निघालात?" नोरीनने तिचा हात धरला. "रेषा दिसत नाही, ठीक आहे. पण तुमचं बोट आहे ना शाबूत?"

"मग?"

"मग खालचं बोट तुमचं. वरची सुई माझी. मी रेषेवर घालते, तुम्ही खालून सांगा."

"एका टाक्याला दोन बायका?" एस्मे म्हणाली. "असं कुणी करतं का?"

"इथे करतात," नोरीन म्हणाली. "आजपासून. लॉर्नाला मी एकेक टाका दाखवणार आहे."

थर्झाने कोटाची बाही वर सारली, डावा हात चौकटीखाली घातला, आणि बोट गुलाबाखाली आणून थांबवलं. नोरीनने सुई रेषेवर टेकवली आणि जपून खाली दाबली.

"टोचली," थर्झा म्हणाली, आणि तिच्या बोटाने सुई वर ढकलली. "घाल पुढचा."